कुंकू लावलेला कचऱ्याचा डबा

चोर दुसऱ्याच्या घरातल्या वस्तू उचलून आपल्या घरी आणतो. मी जवळजवळ वर्षभर याच्या उलट उद्योग केला. आपल्या घरातल्या वस्तू गुपचूप दुसऱ्याच्या दारी नेऊन ठेवल्या. दुसऱ्याच्या म्हणजे कुणाच्या, तर शेजारी एकट्या राहणाऱ्या, सत्तरीच्या, मला आठवड्यातून एकदा तरी गरम पोळी खाऊ घालणाऱ्या वझलवार काकूंच्या. पुण्याच्या चांगल्या कॉलेजातून इंजिनिअर झालेल्या, अमेरिकेत गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाची ही कर्तबगारी. त्या वेळी मला तिची लाजही वाटत नव्हती. आपण फार हुशार आहोत असंच वाटत होतं.

२००४ साल असेल. मिशिगनमध्ये नोव्हायपासून वीस मिनिटांवरच्या एका लहान गावात आम्ही घर भाड्याने घेतलं. मी, मेधा आणि तीन महिन्यांची ईरा. आम्ही सामान उतरवत होतो तेवढ्यात पलीकडच्या घरातून एक बाई स्टीलचा डबा घेऊन आल्या. पांढरा अंबाडा, सलवार-कमीजवर जाड स्वेटर आणि पायांत चांगले दोन नंबर मोठे पुरुषी बूट.

"कुठले?" त्यांनी विचारलं.

"पुण्याचा," मी जरा छाती काढून म्हणालो.

"असू दे," त्या म्हणाल्या. "चांगली माणसं सगळीकडेच निघतात."

काकू नागपूरच्या. नवऱ्याच्या नोकरीमागे पस्तीस वर्षांपूर्वी इथे आल्या आणि बोलणं तेवढं जसंच्या तसं सोबत घेऊन आल्या. त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव 'पुणेकर' ठेवलं ते शेवटपर्यंत. डब्यात कोथिंबिरीचं सारण भरलेल्या पुडाच्या वड्या होत्या. दुसऱ्या दिवशी मेधा डबा घासूनपुसून परत द्यायला गेली, तर काकूंनी झाकण उघडून आत पाहिलं आणि डबा तिच्या हातात परत ठेवला. "रिकामं भांडं कुणापुढे करायचं नसतं ग बाई. चिमूटभर साखर तरी घालून आण." मेधा बिचारी पुन्हा घरी आली, साखर घालून घेऊन गेली. नवीन शेजारणीला दुसऱ्याच दिवशी परत पाठवणारी बाई आहे, तेव्हा जपून राहायला हवं, असं आम्ही रात्रीच्या जेवणात एकमताने ठरवलं.

त्याच वर्षी गावाने कचऱ्याची पद्धत बदलली. आधी वाटेल तेवढा कचरा रस्त्याच्या कडेला ठेवा, पैसे ठरलेले. आता प्रत्येक घराला चाकं असलेला एक निळा डबा मिळाला. दर गुरुवारी गाडी येणार. डबा बाहेर ठेवलात तर गाडीवाला डब्यावरच्या लेबलाला एक यंत्र लावणार, ते 'पिक्' वाजणार, आणि तेवढे पैसे बिलात लागणार. नाही ठेवलात तर नाही. डब्याबाहेर जादा पिशवी ठेवलीत तर तिचे वेगळे. जितकं फेकाल तितकं भराल, असा सरळ हिशेब. गल्लीतले गोरे लोक चिडले, आम्ही देशी लोक त्यांच्याहून जास्त चिडलो, कारण फुकट मिळणारी कुठली गोष्ट बंद झाली की आपल्याला ती आपल्या बापजाद्यांची होती असं वाटतं.

काकू तेवढ्या खूष. डबे आले त्या सकाळी मी खिडकीतून पाहिलं, तर काकू हातात कुंकवाची कोयरी घेऊन डब्यापुढे उभ्या. त्यांनी झाकणावर कुंकवाची दोन बोटं ओढली, वर अक्षता टाकल्या.

"काकू, कचऱ्याचा डबा आहे तो," मी दारातून ओरडलो.

"चाकं आहेत ना त्याला? मग गाडीच आहे. नवी गाडी घरी आली की कुंकू लावायचं असतं. तुझ्या त्या होंडाला नारळ फोडला होता का नाही?"

फोडला होता. एवढंच नाही, चाकाखाली लिंबूही ठेवलं होतं. मी दार लावून घेतलं.

कचरा गाडीचा ड्रायव्हर रॉन नावाचा दांडगा, दाढीवाला माणूस होता. पहिल्याच फेरीला त्याने ते लाल पट्टे पाहिले आणि डबा कुठे आपटून खरचटला का म्हणून काळजीने विचारलं. काकूंनी त्याला अर्धा तास थंडीत उभं करून सगळं समजावलं. तेव्हापासून रॉन इतर डबे गाडीच्या यंत्राने उचलून धडाधड आपटायचा, पण काकूंचा डबा उतरून हाताने सरळ उभा करून जायचा, पट्टे घराकडे तोंड करून.

पण त्याला ती संधी क्वचितच मिळे. काकूंचा डबा पाच-सहा आठवड्यांतून एकदा बाहेर यायचा. त्या घरात कचरा होतच नव्हता. भाज्यांची सालं गराजमागच्या खताच्या खड्ड्यात जायची. टपालातून येणाऱ्या फालतू पाकिटांच्या पाठी कोऱ्या म्हणून यादी लिहायला राहायच्या. दह्याच्या डब्यांत डाळी, डाळींच्या पिशव्यांत कढीलिंब, आणि त्या पिशव्या फाटल्या की त्यांच्या दोऱ्या करून टोमॅटोचे वेल बांधलेले. काही टाकायची वेळ आलीच तर काकू ती वस्तू हातात धरून तिच्याशी बोलत. "काय रे बाप्पा, तुझं नाव काय? कोणत्या कामाचा तू?" नाव सांगता आलं तर वस्तू वाचली. दाराशी वझलवार काकांचे बूट होते. काका जाऊन चार वर्षं झाली होती. काकू ते घालूनच अंगणात फिरायच्या. मी एकदा म्हणालो, काकू, पाय अडकून पडाल, टाका ना ते. त्या म्हणाल्या, "यांचं नाव मला पाठ आहे. कसे टाकू?"

ही सवय त्यांना शाळेने लावली होती. काकूंनी एकोणीस वर्षं गावातल्या शाळेच्या कँटीनमध्ये काम केलं होतं, डोक्याला जाळी बांधून मुलांच्या ताटांत वाढायचं काम. मुलं सफरचंद घ्यायची, एक चावा मारायची आणि कचऱ्यात टाकायची. "एक चावा! आख्खं सफरचंद, बाप्पा! मी रोज घरी येऊन यांना सांगायची आणि रडायची. हे म्हणायचे, अमेरिका आहे ही. मी म्हणायची, असेल, पण सफरचंद कुठे अमेरिकन आहे? ते झाडाचं आहे." आणि मग ठरलेलं वाक्य यायचं: "फेकलं फेकलं म्हणतात लोक. फेकलेलं जाते कुठे? दुसऱ्याच्या अंगणात."

हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर पोळीवर तूप घालता घालता अनेकदा म्हटलं. मी दर वेळी गंभीरपणे मान हलवली. त्या सुमारास मी स्वतः दर बुधवारी माझा कचरा त्यांच्या अंगणात नेऊन टाकत होतो.

त्याचं असं झालं, की ईराचे डायपर, तयार जेवणाची खोकी आणि आम्हा दोघांची कष्टाने कमावलेली बेशिस्त एका डब्यात मावेना. दर आठवड्याला एक पिशवी उरायचीच. तिचे वेगळे पैसे भरायला माझा जीव धजेना. रक्कम फुटकळ होती, पण पुणेकराला रकमेपेक्षा तत्त्व मोठं. आणि समोर काकूंचा डबा गराजला टेकून रिकामा उभा. दर बुधवारी संध्याकाळी पाच वाजता काकू टीव्हीवर प्रश्नमंजूषा बघत. हिवाळ्यात पाचला अंधारून यायचं. मी पिशवी जॅकेटखाली धरून दोन घरांमधल्या पट्टीतून जायचो, झाकण हळूच उचलायचो, पिशवी तळाशी सोडायचो आणि परत. गुरुवारी सकाळी काकूंचा डबा आपोआप रस्त्याच्या कडेला उभा दिसायचा. मी मनाशी म्हणायचो, म्हाताऱ्या झाल्या, कधी काय टाकलं ते आठवत नसेल. काकूंच्या टीव्हीचा आवाजही अलीकडे फार मोठा असायचा, तेव्हा कानही गेले असणार असा मी निष्कर्ष काढला. मेधाला मी यातलं अक्षर सांगितलं नाही. तिला सांगण्यासारखी हुशारी नव्हती ती, एवढं बहुधा आतून कळत असावं.

एक वर्ष असं सुखात गेलं. मग थँक्सगिव्हिंग आलं.

काकूंचा मुलगा श्रीकांत व्हर्जिनियात हर्नडनला राहायचा. इथेच जन्मलेला, कॉम्प्युटर कंपनीत बरा वरच्या हुद्द्यावर, आईवर जीव असलेला पण तो जीव सगळा फोनवरून लावणारा. सणाला तो एकटाच आला. मी नेहमीप्रमाणे बुधवारी पिशवी टाकली. पण सणाच्या आठवड्यात गाडी गुरुवारी येत नाही, शुक्रवारी येते, हे इथे जन्मलेल्या पोरालाही ठाऊक असतं. मला मात्र ठाऊक नव्हतं. त्यात पिशवी विकत घेतलेली मजबूत नव्हती. देशी किराणा दुकानातून आलेल्या पातळ पिशव्या जपून ठेवून मी त्यांत कचरा भरत असे. ती डब्यातच फाटली.

गुरुवारी दुपारी श्रीकांत आमच्या दारात आला. हात स्वेटरच्या खिशात, चेहरा उतरलेला.

"कॅन आय आस्क यू समथिंग?" तो हळू आवाजात म्हणाला. "आईच्या ट्रॅशमध्ये डायपर्स आहेत. बेबी डायपर्स. चिकनचे बॉक्स आहेत. वाइनची बॉटल आहे. ती कुणाची मुलं सांभाळते का? पैशांची अडचण आहे का तिला? तुम्ही तिच्या जवळ आहात म्हणून विचारतो. प्लीज, खरं सांगा."

आयुष्यात मला इतक्या विश्वासाने फार कमी लोकांनी काही विचारलं आहे. तेवढ्यात काकांचे बूट फटफटत काकू मागून आल्या.

"ईराचे आहेत ते डायपर," त्या म्हणाल्या. "दुपारी मीच सांभाळते ना तिला. मेधाला कामं असतात. चिकनचे खोके पण यांचेच. सांग ना रे पुणेकर."

"हो हो," मी म्हणालो. "रोज. रोज दुपारी." ईराने तोवर काकूंच्या घराचा उंबरासुद्धा ओलांडला नव्हता.

"अँड द वाइन?" श्रीकांतने विचारलं.

काकूंनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "ती याचीच. बायकोला कळू नये म्हणून माझ्या डब्यात टाकते बिचारा."

मेधा माझ्या मागेच उभी होती. ती वाइन तिच्या मैत्रिणीने दिली होती आणि आम्ही दोघांनी मिळून संपवली होती. तरी त्या क्षणी तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला स्वतःलाच आपण चोरून पितो की काय अशी शंका आली.

श्रीकांत रविवारी परत गेला. सोमवारी काकूंनी मला बोलावून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. पुढ्यात पोळी नव्हती.

"काकू, मी—"

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तू आला की मी टीव्हीचा आवाज वाढवत होती, म्हणजे तुला वाटावं म्हातारीला ऐकू येत नाही. बर्फात तुझी पावलं उमटायची ती सकाळी झाडूने मीच पुसायची. मोठा आला चोर!"

"पण मग तुम्ही बोलला का नाहीत?"

काकू उठल्या आणि फ्रिजवर लावलेला कागद काढून आणला. कचऱ्याचं बिल. श्रीकांतने आईची सगळी बिलं आपल्याकडे वळवून घेतली होती, कॉम्प्युटरवरून तोच भरायचा, घरी नुसती प्रत यायची. बिलात तारखा असत, डबा कधी कधी उचलला त्या. नवी पद्धत आली आणि पहिल्या तीन महिन्यांत काकूंच्या नावावर दोनच तारखा लागल्या. श्रीकांत घाबरला. बाकी सगळ्या घरांचा कचरा दर आठवड्याला निघतो, आईचा का निघत नाही? ही जेवत नाही. ही स्वयंपाक करत नाही. हिला एकटीला ठेवणं बरोबर नाही. त्याने आपल्या बेसमेंटमध्ये आईसाठी खोली करायला घेतली. काकूंनी फोनवर किती सांगितलं की मी दोन वेळा पोळी-भाजी-वरण-भात जेवते, खड्डा बघ माझा, टोमॅटो बघ. त्याला खड्डा दिसत नव्हता, बिल दिसत होतं.

"आणि मग एका बुधवारी देवाने तुझी पिशवी पाठवली," काकू म्हणाल्या. "दर गुरुवारी तारीख लागायला लागली. श्री खूष. म्हणतो, आई, यू आर डूइंग ग्रेट."

मी हसलो. काकू हसल्या नाहीत.

"तुला गंमत वाटून राहिली. इथे माझं घर आहे, पुणेकर. या चुलीपुढे मी आहे, त्या खड्ड्यापुढे मी आहे. तिथे गेली की मी त्यांच्या घरातली एक वस्तू होते. आणि वस्तूचं काय होते ते तू पाहतोस ना? आधी बेसमेंट. मग गराज. मग डबा."

मी आपला अक्कल पाजळायची म्हणून म्हणालो, "काकू, मग रिकामाच डबा ठेवायचा ना बाहेर. तरी पिक् वाजेल."

"वा रे वा! तो रॉन एवढ्या थंडीत येते, त्याच्यापुढे रिकामं भांडं करू? वाढणारी बाई आहे मी."

तेव्हापासून माझी चोरी अधिकृत झाली. दर बुधवारी एक पिशवी, नीट बांधलेली, मांसमच्छी नाही, वास नाही, आणायची पुढच्या दाराने. आणि 'रोज दुपारी' हे खोटं काकूंना सहन होईना, म्हणून ते खरं करायचं ठरलं. ईरा खरोखरच दुपारी त्यांच्याकडे जायला लागली. मेधाने कॉलेजात अर्ध्या वेळाचा अभ्यासक्रम धरला. ईरा मराठी शिकली ती नागपूरची. एकदा मी तिच्या हातातलं बिस्किट काढून घेतलं तर ती म्हणाली, "काय करून राहिला तू, बाबा?"

पण काकूंच्या हातात पिशवी उघडपणे पडू लागली तशी नवी आपत्ती आली. काकू ती उघडून बघत. मग मेधाला बोलावणं जायचं. "कोथिंबिरीच्या काड्या टाकल्या? आमटीत घालायच्या. ही काचेची बरणी काय म्हणून टाकली? नाव विचारलं होतं का तिला?" सहा महिन्यांत मेधा पार बाटली. आमच्याही मागे खड्डा झाला. ईराचे डायपर सुटले. आमचा स्वतःचा डबा दोन आठवड्यांनी एकदा बाहेर जायला लागला, आणि एका बुधवारी मी काकूंच्या दारात जी पिशवी घेऊन गेलो तीत एक तुटका ब्रश आणि चिप्सची रिकामी पाकिटं एवढंच होतं.

काकूंनी पिशवी हातात तोलून पाहिली. "तुमचा कचरा कमी होऊन राहिला रे," त्या काळजीने म्हणाल्या. "माझं कसं व्हायचं?"

तेव्हापासून मी ऑफिसातून कचरा आणायला लागलो. मीटिंग संपली की लोक उठून जायचे आणि मी पिझ्झाची तेलकट खोकी गोळा करायचो. "असू दे, मी नेतो," म्हणत लोकांच्या हातातून कागदी कप काढून घ्यायचो. ज्याने एका पिशवीचे पैसे वाचवायला वर्षभर बर्फ तुडवला, तो आता वीस मैलांवरून गाडीच्या डिकीत परका कचरा वाहून आणत होता. माझ्या बॉसने एक दिवस मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं आणि घरी सगळं ठीक आहे ना, जेवणाखाण्याची काही अडचण नाही ना, असं विचारलं. त्या वर्षी कंपनीने पगारवाढ दिली नव्हती, त्याबद्दल त्याला अपराधी वाटलं असावं.

२००८ साली त्याने पुन्हा केबिनमध्ये बोलावलं. गाड्या खपत नव्हत्या, आमच्याकडची निम्मी माणसं कमी केली, त्यात मी. व्हिसाचे दिवस मोजून हातात होते. नशिबाने न्यू जर्सीत काम मिळालं आणि ऑक्टोबरअखेर निघायचं ठरलं. काकूंना सांगायला गेलो तेव्हा मी नोकरीचं बोलत होतो, पण मनात पिशवीचंच चाललं होतं. दर गुरुवारची तारीख आता कोण लावणार? बेसमेंटची खोली तयार होती. आम्ही गेल्यावर त्या पडल्या, आजारी झाल्या तर कळणार कुणाला, हाही विचार होताच. मी ते बोलूनही दाखवलं. श्रीकांतचं सगळंच काही चूक नव्हतं.

"तू जा," काकू म्हणाल्या. "मी बघते काय करायचं ते."

निघायचा दिवस नेमका गुरुवार. घर रिकामं करताना आमचा डबा वर्षात पहिल्यांदा तुडुंब भरला होता, आणि काकूंनी बघू नये म्हणून मी झाकणावर हात ठेवून उभा होतो. एक पिशवी त्यांच्यासाठी बांधून ठेवली होती. ती द्यायला गेलो तर काकूंनी हातच पुढे केला नाही. "आता नको. तुझं तुझ्याजवळ ठेव." त्यांचा डबा कडेला उभा होता, झाकणावर ताजं कुंकू. ईराला त्यांनी जवळ घेतलं, तिच्या खिशात काहीतरी कोंबलं आणि मला म्हणाल्या, "नीट चालव. ब्रेक तूच केलेले आहेत ना? मग हळूच जा." मी वाकून नमस्कार केला. काकांच्या बुटांना हात लागला, आणि मला रडू आलं. आलं म्हणजे चांगलं हमसून आलं, लपवण्यासारखं नव्हतं.

गाडीत बसलो तेवढ्यात कोपऱ्यावरून रॉनची गाडी आली. मी इंजिन बंद केलं आणि बघत राहिलो.

रॉन खाली उतरला. त्याने काकूंच्या डब्याचं झाकण उघडलं, आत वाकून हात घातला आणि एक स्टीलचा डबा बाहेर काढला. झाकण किलकिलं करून वास घेतला. बेसनाचे लाडू असावेत, आदल्या दिवशी भाजल्याचा वास आमच्या घरापर्यंत आला होता. मग त्याने यंत्र लावलं, पिक् वाजलं, आणि गाडीच्या लोखंडी हाताने तो निळा डबा खडखडाट करत वर नेला, उलटा केला, हलवला. काहीही पडलं नाही. रॉनने डबा खाली घेतला आणि सरळ उभा केला, कुंकू घराकडे.

"बाबा, इट वॉज एम्प्टी!" ईरा मागून ओरडली.

काकू पायरीवर उभ्या होत्या. डबा बाहेर दिसला नाही तर बेल वाजवायची, असं त्यांनी रॉनशी ठरवून टाकलं होतं, हे मेधाने मला वाटेत सांगितलं. गाडीकडे परत जाता जाता रॉनला आठवण झाली. त्याने सीटवरून दुसरा एक स्टीलचा डबा काढला, गेल्या गुरुवारचा, आणि अंगण ओलांडून काकूंच्या हातात नेऊन दिला. काकूंनी तिथेच झाकण उघडून आत पाहिलं.

आत दोन सफरचंदं होती. त्यातलं एक त्यांनी स्वेटरला पुसलं आणि खायला सुरुवात केली. शेवटपर्यंत खाणार हे दिसतच होतं, म्हणून मी गाडी सुरू केली.